रेड्याची घुंगुरमाळ

मुलांनो, आधी माफी मागतो. माझी शाळा सातवीतच सुटली. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका राहतील आणि शब्दही साधेच असतील. जड शब्द मला येत नाहीत. शिवाय ही गोष्ट सांगताना मला राग येतो, तोही मला लपवता येणार नाही. तेवढे सांभाळून घ्या.

नदीकाठच्या एका मोठ्या जंगलात एक तरुण रेडा राहत असे. अंगाने थोराड, स्वभावाने भिडस्त. कोणी मोठ्याने बोलले की तो मान खाली घाली आणि उत्तर त्याला दुसऱ्या दिवशी सुचे. ते जंगल वाढत वाढत शहरासारखे गजबजून गेले होते. घरे सगळ्यांची उंबराच्या टेकडीवर, आणि कामे सगळ्यांची खाली नदीकाठी. ससे, खारी, बेडूक, उंदीर यांना एवढे अंतर रोज चालवत नसे. म्हणून चार रेडे त्यांना पाठीवर बसवून टेकडीवरून नदीकाठी नेत. वाटेत सात थांबे होते. प्रत्येक रेड्याच्या गळ्यात चामड्याच्या पट्ट्याला ओवलेली घुंगुरमाळ असे. तिचा आवाज आला की थांब्यावरचे उठून उभे राहत, आणि वाट ओलांडणारे थांबत. आपला हा रेडा आपली माळ रोज ओढ्यात धुवून लख्ख ठेवी. तेवढाच काय तो त्याचा शौक.

एक गोष्ट मात्र खरी, की रेड्यांचे येणे-जाणे बेभरवशाचे होते. कधी तीन रेडे एकामागोमाग यायचे, आणि मग दुपारपर्यंत एकही नाही. थांब्यावर उभे राहून उंदरांच्या पायांना गोळे येत. एकदा एका खारीचे पिल्लू तापाने फणफणले असताना ती त्याला घेऊन तासन्‌तास उभी राहिली. सगळ्यांनी सिंहाकडे तक्रार केली. ती तक्रार रास्त होती. सिंहाने कोल्ह्याला बोलावले आणि म्हटले, "रेडे वेळेवर आले पाहिजेत. कसे ते तू बघ."

कोल्हा हुशार होता, आणि आपण हुशार आहोत हे त्याला जरा जास्तच ठाऊक होते. टेकडीवरचा कोंबडा सकाळी चार वेळा आरवत असे. कोल्ह्याने ठरवले, प्रत्येक आरवण्याला एक रेडा निघेल. इथपर्यंत छान झाले. पण पोहोचायचे कधी? ते ठरवायला कोल्हा दुसऱ्या दिवशी कोंबड्याच्या पहिल्या आरवण्याला टेकडीवरून स्वतः पळत सुटला, आणि नदीकाठच्या उंच सावरीच्या झाडापाशी येऊन थांबला. तेव्हा सावरीच्या सावलीचे टोक कुठवर आखडले होते, ते त्याने पाहून ठेवले. त्या हिशेबाने चार रेड्यांसाठी त्याने चार पांढरे दगड रोवले. सावलीचे टोक आपल्या दगडावर आहे तोवर रेड्याने पोहोचायचे. टोक दगड सोडून झाडाकडे सरकले, की उशीर.

"मी एवढासा, तरी एवढ्या वेळात आलो," कोल्हा म्हणाला. "रेडा तर केवढा! त्याला काय अवघड?"

सगळ्यांनी टाळ्या पिटल्या. दगडांवर नजर ठेवायला सावरीवर कावळा बसला. आणि कोल्ह्याने एक नियम केला. तीनदा उशीर करील त्याची घुंगुरमाळ काढून आपल्या दारावर टांगायची, आणि तो वेळेवर पोहोचेल त्या दिवशीच परत द्यायची.

"माळ गेली की लाज वाटेल," कोल्हा म्हणाला, "आणि लाज वाटली की पाय उचलतील."

आपल्या रेड्याच्या वाट्याला दुसरे आरवणे आले. म्हणजे ऐन गर्दीची वेळ. सातही थांब्यांवर झुंबड. बेडकांना चढायला वेळ लागे, सशांची पोरे शेपटीला लोंबकळत. चौथ्या थांब्यापुढे बांबूचे दाट बेट होते आणि तिथे वाट अशी वळे, की पलीकडचे काही दिसत नसे. त्याच वळणावर एक म्हातारे कासव रोज वाट ओलांडून ओढ्याकडे जाई. त्याला कमी दिसे. ते आधी कान लावी. घुंगरू ऐकू आले की थांबे, नाहीतर पाऊल टाकी. त्याला वाटेत पाहिले की रेडा उभा राहायचा. पहिल्या दिवशीही तो तसाच उभा राहिला.

पाठीवरचे माकड ओरडले, "काय रेडेराव, वऱ्हाड आलंय का कुणाचं? नवरीला ओवाळून पुढे जायचंय?"

"कासवकाका चाललेत," रेडा हळूच म्हणाला.

"काका चाललेत ते दिसतंय हो. आपण कधी चालायचं?"

पाठीवर हशा पिकला. कासवही हसले. "जा रे बाबा, मला काय, घर पाठीवरच आहे. मला कुठं वेळेत पोहोचायचंय?" असे म्हणत ते सावकाश पलीकडे गेले. नदीकाठी पोहोचेपर्यंत सावलीने दगड केव्हाच सोडला होता. कावळा ओरडला, "उशीर!" दुसऱ्या दिवशीही उशीर. तिसऱ्या दिवशी रेडा भरभर चालला, दोन थांब्यांवर तर सगळे चढायच्या आत निघाला, एक बेडूक मागे राहून शिव्या देत बसला, तरीही उशीर. संध्याकाळी कोल्ह्याने त्याच्या गळ्यातली माळ काढली आणि आपल्या दारावर टांगली.

रेडा घरी आला तेव्हा त्याला आपली मान कुणा दुसऱ्याचीच वाटत होती. वाटेत सशांची पोरे त्याला पाहून कुजबुजली. त्याने मनाशी ठरवले, उद्या काहीही झाले तरी दगड गाठायचा आणि माळ परत आणायची.

मुलांनो, इथे क्षणभर थांबा आणि नीट बघा. रेड्याने पळावे म्हणून त्याच्या गळ्यातून काय काढून घेतले? रेडा येतो आहे हे ज्याने इतरांना कळते, तेच. अख्ख्या जंगलात हे एकालाही खटकले नाही. रेड्यालाही नाही. त्याला फक्त लाज वाटत होती.

चौथ्या दिवशी कोंबडा दुसऱ्यांदा आरवला आणि रेडा निघाला. आज तो चालत नव्हता, पळत होता. पाठीवर सतरा जण एकमेकांना धरून बसले होते. माकड खुशीत ओरडत होते, "हां, याला म्हणतात रेडा! हाणा!" घुंगरांचा आवाज नव्हता. मऊ मातीत खूर पडत होते, तेवढाच धप धप आवाज. बांबूच्या बेटाशी रेडा वळला.

कासव वाटेच्या मधोमध होते.

रेड्याने चारही पाय रोवले. पाठीवरची खार उडून बांबूत पडली. पण एवढे मोठे धूड एका झटक्यात थांबत नाही. खुराखाली काहीतरी तडकले. मडके फुटावे तसा तो आवाज होता. रेडा पुढे जन्मभर तो विसरला नाही.

सगळे खाली उतरले. कासवाच्या पाठीवर या कडेपासून त्या कडेपर्यंत भेग पडली होती आणि त्यातून रक्त येत होते. ते जिवंत होते. रेडा गुडघ्यांवर बसला.

कासवाने मान बाहेर काढली. "तू होय?" ते म्हणाले. "मी कान लावला होता रे. दोनदा लावला. आज तू आलास ते मला कळलंच नाही."

ते रागावले असते तर बरे झाले असते, असे रेड्याला वाटले.

त्याने कासवाला पाठीवर घेतले आणि एकेक पाऊल जपून टाकत नदीकाठच्या वैद्य साळिंदराकडे नेले. माकडासकट सगळे त्याच्यामागून पायी आले. सावरीखालून जाताना वरून आवाज आला, "उशीर!"

कोणी तरी वर पाहून म्हणाले, "अरे, डोळे फुटले का तुझे? कासवाचं काय झालंय बघ."

"माझं काम दगड बघायचं," कावळा म्हणाला. "कासव बघायचं काम मला दिलेलं नाही."

दुपारी सिंहापुढे सगळे जमले. कोल्हा आधीच येऊन बसला होता. तो शांतपणे म्हणाला, "महाराज, वेळेवर यावे असा नियम आहे. कुणाला धक्का लावू नये असाही नियम आहे. दोन्ही नियम मीच केलेत. या रेड्याने एका दिवसात दोन्ही मोडले. यात माझा काय दोष?"

सिंहाने रेड्याकडे पाहिले. "तुला काही बोलायचंय?"

रेड्याने सवयीप्रमाणे मान खाली घातली. गळ्याशी जिथे माळ असायची तिथे पट्ट्याचा वळ हुळहुळला. त्याने मान वर केली.

"मी पळालो, महाराज. पळालो ही चूक माझी आहे. तिची शिक्षा मला द्या. पण मला कोल्हेसाहेबांना काही विचारायचंय." तो कोल्ह्याकडे वळला. "साहेब, तुम्ही वेळ मोजायला पळालात, तेव्हा तुमच्या पाठीवर कोण होतं?"

"पाठीवर? कुणी नाही."

"किती थांबे घेतलेत?"

"मी वेळ मोजत होतो. थांबेन कशाला?"

"वाटेत आडवं कोण आलं?"

"पहिल्या आरवण्याला कोण येणार? सगळे झोपलेले असतात."

रेड्याचा आवाज चढला. त्याचा आवाज एवढा मोठा आहे हे त्याचे त्यालाही माहीत नव्हते. "मग तो दगड रिकाम्या पाठीचा आहे! रिकाम्या वाटेचा आहे! मला सतरा जण न्यायचे असतात, सात ठिकाणी उभं राहायचं असतं, कासवकाकांना जाऊ द्यायचं असतं. त्या दगडापर्यंत मी पोहोचणारच नव्हतो. एक दिवसही नाही. आणि पोहोचलो नाही म्हणून तुम्ही माझी घुंगरं काढलीत. ती माझी शोभा होती, पण कासवकाकांचे ते डोळे होते. माझी लाज काढायला तुम्ही त्यांचे डोळे काढून घेतलेत!"

माकड आपली शेपटी चाचपत बसले. सगळ्यांना वाटले, आता सिंह काहीतरी बोलणार. सिंहाने आयाळ झटकली, एक जांभई दिली आणि म्हटले, "प्रश्न गंभीर आहे. समिती नेमू. समितीत कोल्हा, कोल्ह्याचा भाऊ आणि कावळा. पावसाळ्यानंतर त्यांचे म्हणणे ऐकू."

झाले. सभा उठली. एवढे ऐकूनही सभा उठली!

दुसऱ्या दिवशी सकाळी, कोंबडा आरवायच्या आधी, रेडा कोल्ह्याच्या दारात गेला. शिंगाने त्याने आपली माळ उचलली आणि गळ्यात घालून घेतली. कोल्हा डोळे चोळत बाहेर आला. "अरे, कुणाला विचारून नेतोस?"

"कासवकाकांना," रेडा म्हणाला आणि टेकडीवर गेला.

दुसरे आरवणे झाले. रेडा पाठीवरच्यांना म्हणाला, "आज मी चालणार आहे. पळणार नाही. रोज याच आरवण्याला निघेन आणि रोज एकाच वेळी पोहोचेन. तुम्हाला ताटकळत ठेवणार नाही, पण कुणाला तुडवणारही नाही. ज्यांना पटत नसेल त्यांनी आत्ताच उतरावं." कोणी उतरले नाही. माकड सगळ्यांच्या मागे गुपचूप बसले होते.

सातही थांब्यांवर तो सगळे चढेपर्यंत उभा राहिला. बांबूच्या बेटाशी येताच त्याने मान जोरजोरात हलवली. घुंगरांचा आवाज घुमला. वळणाच्या पलीकडे कासवाची म्हातारी एकटीच ओढ्यावर औषधी पाला आणायला निघाली होती. ती जागच्या जागी थांबली. रेडाही थांबला. "या काकू, तुम्ही आधी जा," तो म्हणाला.

ती पलीकडे पोहोचली, तेव्हाच त्याने पुढचे पाऊल उचलले.

रेडा नदीकाठी पोहोचला तेव्हा सावली दुसरा दगड सोडून चार हात झाडाकडे सरकली होती.

"उशीर!" कावळा ओरडला.

रेड्याने पाठीवरच्यांना उतरवले. मग तो सरळ त्या पांढऱ्या दगडापाशी गेला, शिंगे जमिनीत खुपसली आणि त्याने दगड उपटला. तो ढकलत ढकलत पुढे नेऊ लागला. दगड जड होता. रेड्याला मागून जोर लागल्याचे जाणवले. वळून पाहिले तर माकड खांदा लावून ढकलत होते. मग सगळेच लागले. सावलीचे टोक जिथे होते तिथे, बरोबर त्याच्यावर, रेड्याने दगड रोवला आणि खुराने भोवतीची माती दाबून घट्ट केली.

"अरे, हे काय?" कावळा फांदीवर नाचत ओरडला. "उशीर! उशीर!"

रेडा म्हणाला, "खाली ये आणि नीट बघ. रेडा वेळेवर आलाय. चुकीच्या जागी दगड होता."

तात्पर्य : वेळ जरूर पाळावी, पण ती ठरवताना ज्याच्या पाठीवर ओझे आहे त्याला आणि ज्याला वाट ओलांडायची आहे त्याला आधी विचारावे. रिकाम्या पाठीने मोजलेली वेळ इतरांवर लादणाऱ्याला कधी काही होत नाही. त्याच्या घाईपायी वाटेवरचा सर्वांत दुबळा जीव चिरडला जातो.