रंग काढलेली लढत

हलीमाबाईंचं कौतुक करायला माझी जीभ वळत नाही, तरी सांगतो.

इचलकरंजीत मिक्स्ड मार्शल आर्ट्सची जिल्हा स्पर्धा होती. लाल कोपऱ्यात माझी पोरगी, निळ्या कोपऱ्यात हलीमाबाईंच्या तालमीतली तेजल. तेजलनं माझ्या पोरीला तिन्ही फेऱ्यांत जाळीला टेकवून बदडलं. तरी मुख्य पंच शेलारसाहेबांनी लालला विजयी ठरवलं. मी खुशीत हात जोडले.

हलीमाबाईंनी हरकत घेतली. साहेब गुरकावले, "तीस वर्षांची नजर आहे माझी! शंभरदा दाखवा, गुण तेच देईन."

"शंभरदा कशाला? एकदाच बघा," बाई म्हणाल्या.

त्यांनी लढतीचा व्हिडिओ मोठ्या पडद्यावर लावला, फक्त त्यातले रंग काढून टाकले. दोघींची हेल्मेटं, ग्लोव्हज, कपडे, सगळं करडं झालं. चेहरे ओळखू येत नव्हते, पण मारतंय कोण आणि मार खातंय कोण, हे शेवटच्या रांगेतूनही दिसत होतं.

साहेब पेन धरून बघत बसले. शेवटी चिडून ओरडले, "आधी यातली लाल कोण, ते सांगा!"

"जिंकली कोण हे ठरवायला ते कशाला लागतं, साहेब?"

अख्खा हॉल हसला. निकाल फिरला. माझी पोरगीसुद्धा बाईंसाठी टाळ्या वाजवायला लागली, तेव्हा माझा नुसता जळफळाट झाला. एवढी साधी युक्ती मला का सुचली नाही?

सुचणार कशी? तीन वर्षं लाल कोपरा मीच मागून घेत होतो.