परत आणलेलं औषध

ही गोष्ट फार जुनी. डोंगराच्या पायथ्याला एक गाव होतं आणि त्या गावात केसोपंत नावाचे वैद्य राहत. जुलाब-वांत्यांनी माणूस सुकत चालला, डोळे खोल गेले, की लोक त्याला केसोपंतांच्या ओसरीवर आणून निजवत. केसोपंत आत जात, दार लावून घेत आणि थोड्या वेळाने तांब्याभर औषध घेऊन बाहेर येत. ते घोट घोट पाजायचं. संध्याकाळपर्यंत माणूस डोळे उघडून भोवती बघू लागे.

केसोपंत कोणाकडून काही घेत नसत. कोणी भाजी आणून ठेवली तर तेवढीच. पण ते रस्त्याने निघाले की लोक वाकून बाजूला होत, आणि ते त्यांना मनातून आवडे. औषधात काय असतं हे फक्त त्यांची बायको गोदूबाई जाणत होती.

एकदा ती म्हणाली, "अहो, लोकांना सांगून टाका ना. किती लांबून येतात बिचारे."

"सांगितलं तर त्याला औषध कोण म्हणेल?" केसोपंत म्हणाले. "एवढंच होय, म्हणतील, आणि पिणारच नाहीत."

यात थोडं खरं होतं. पण सगळं खरं नव्हतं, हे दोघांनाही माहीत होतं.

त्या उन्हाळ्यात विहिरींनी तळ गाठला. लोक गढूळ पाणी प्यायले आणि साथ पसरली. डोंगरावरच्या पाड्यातून हौसा नावाची बाई आपल्या चार वर्षांच्या मंजुळेला पाठीशी बांधून खाली उतरली. सकाळी निघालेली, दुपारी पोचली. पोरगी रडत होती, पण तिच्या डोळ्यांतून पाणी येत नव्हतं. केसोपंतांनी तिला मांडीवर घेतलं आणि स्वतः थोडं थोडं औषध पाजलं. ऊन उतरायच्या आत मंजुळा शू करायला उठली, तेव्हा केसोपंत हसले. "आता भीती नाही," ते म्हणाले.

"बाबा, घरी सासूबाईही पडल्यात," हौसा म्हणाली. "त्यांना उठवेना. दोघींना कशी आणू?"

केसोपंतांनी तिला औषधाचा तांब्या भरून दिला. मंजुळेला गोदूबाईपाशी ठेवून हौसा तशीच डोंगर चढून गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती परत आली. हातात तांब्या होता, तांब्याच्या तोंडाला फडकं बांधलेलं होतं.

"मी पोचले तेव्हा त्या गेल्या होत्या," ती म्हणाली. "औषध सांडू दिलं नाही. दुसऱ्या कोणाला तरी लागेल."

केसोपंतांनी तांब्या हातात घेतला. तो काठोकाठ भरलेला होता. ते खाली बसले.

"हौसा, तुझ्या घरात मीठ असतं का?"

"असतं की."

"आणि गूळ?"

"आहे थोडा, डब्यात. का हो?"

आता गप्प राहणं फार सोपं होतं. ही बाई लेकीला घेऊन गेली असती आणि जन्मभर त्यांना हात जोडत राहिली असती. गोदूबाई दारात उभी होती.

"औषध म्हणजे तेवढंच आहे," केसोपंत म्हणाले. "उकळून गार केलेलं पाणी, मीठ आणि गूळ. तुझ्या चुलीवर झालं असतं. मी आजवर कोणाला सांगितलं नाही."

हौसा ओसरीच्या कडेला टेकली. मग म्हणाली, "मी निघण्याआधी सासूबाई पाणी मागत होत्या. मी देत होते. दिलं की तसंच बाहेर पडायचं."

"नुसतं पाणी अशा वेळी अंगात थांबत नाही," केसोपंत हळू आवाजात म्हणाले. "पाण्यात मीठ टाकलं की दिसेनासं होतं, पण ते कुठे जात नाही. पाणी त्याचा कण न् कण सुटा करतं आणि आपल्यात धरून ठेवतं. गुळाची गोडीही तशीच धरतं. मग पोटात गेल्यावर मीठ आणि गोडी जोडीने आतड्यातून आत शिरतात, आणि पाणी त्यांच्या मागोमाग जातं. माझ्या गुरूंनी मला हे शिकवलं. मी ते पुढे द्यायला हवं होतं."

"तुमच्यावर किती रागावू, मला कळत नाही," हौसा म्हणाली. "पण पाड्यावर आणखी चौघं पडलीत. आधी मला करायला शिकवा."

केसोपंतांनी शेगडी ओसरीवर आणली. पाणी खळखळ उकळून गार होऊ दिलं. तांब्याभर पाण्यात तीन बोटांत मावेल तेवढं मीठ आणि मूठभर गूळ घालून ढवळलं.

"मीठ जास्त झालं तर अपाय होतो," ते म्हणाले. "पाजण्याआधी चव घ्यायची. आपल्या आसवांपेक्षा खारट लागता कामा नये. आणि रोज नवं करायचं."

हौसाच्या डोळ्यांतून तोवर पाणी वाहू लागलं होतं. तिने बोटाने गाल पुसला, बोट जिभेला लावलं. मग तांब्यातलं चाखलं.

"बरोबर आहे," ती म्हणाली.

त्याच संध्याकाळी केसोपंतांनी चावडीसमोर सगळ्या गावाला औषध करून दाखवलं. एक म्हातारा कुंभार उठून म्हणाला, "म्हणजे इतकी वर्षं आम्हाला फसवलंत?"

"हो," केसोपंत म्हणाले.

काहीजण तोंड फिरवून घरी गेले. त्यांच्या बायका मात्र मापं नीट बघून घेत मागे थांबल्या. हौसाच्या पाड्यावरच्या चौघांपैकी तिघं वाचली. चौथ्याला उशीर झाला होता.

पुढच्या उन्हाळ्यात विहिरी पुन्हा आटल्या. घरोघरी पाणी उकळलं गेलं, मीठ-गूळ ढवळला गेला, आणि केसोपंतांच्या ओसरीवर कोणी आलं नाही.

"चुकल्याचुकल्यासारखं वाटतं का हो?" गोदूबाईने विचारलं.

"पहिले दोन दिवस वाटलं," ते म्हणाले.

एका दुपारी हौसा मंजुळेला घेऊन डोंगर उतरून आली. केसोपंत घाईने उठले. "काय झालं? कोण पडलं?"

"कोणी नाही," हौसा म्हणाली आणि ओसरीवर टेकली. "सहज आले."

गोदूबाईने तिघांची पानं वाढली.

तात्पर्य असं, की ज्या ज्ञानाने कोणाचा जीव वाचतो ते एकट्याने जपून ठेवायचं नसतं. आणि ते दडवल्याने कोणाचं नुकसान झालं असेल, तर त्याच माणसासमोर बसून आधी खरं बोलावं.