दिगूअण्णांची तापलेली सुई

चूक दिगूअण्णांची होती. वय झालेलं, हात अनुभवी, मन वाईट नव्हतं, हे सगळं खरं. तरी चूक त्यांचीच.

नदीकाठच्या एका गावात हे दिगूअण्णा पांचाळ रेडिओ दुरुस्त करायचे. चाळीस वर्षं केले. पुढे रेडिओ संपले, लोक कॉम्प्युटर घेऊन येऊ लागले, तर अण्णा तेही उघडू लागले. सोबतचा माहितीचा कागद त्यांनी कधी वाचला नाही. पांढऱ्या केसांचं हे एक बरं असतं, वाचलंत का असं कुणी विचारत नाही.

त्याच गावात रेवती घोलप राहायची. तिला जन्मापासून दिसत नव्हतं. बँकेच्या नोकरीची परीक्षा दहा दिवसांवर आली होती. ग्रंथालयातला कॉम्प्युटर प्रश्न वाचून दाखवायचा आणि ती हेडफोन लावून ऐकायची. त्याची मागची हेडफोन लावायची जागा तुटली, म्हणून ग्रंथपाल कुंदाबाईंनी पुढून हेडफोन लागेल असं नवं कॅबिनेट, म्हणजे कॉम्प्युटरचा बाहेरचा डबा, आणलं. त्यातली आवाजाची वायर कॉम्प्युटरच्या मुख्य पट्टीला, मदरबोर्डला, जोडली की झालं. काम अण्णांकडे गेलं. रेवतीही सोबत गेली.

वायरीच्या टोकाचा प्लग काही बसेना.

"हल्लीचा माल असलाच," अण्णा म्हणाले. "नऊ भोकं उघडी आणि एक बुजलेलं. साचाच बिघडलाय."

"अण्णा, मला बघू द्या."

दुकानात चहा पीत बसलेले दोन म्हातारे हसले. "तू काय बघणार गं?"

"तुम्ही दोघांनी मिळून बघितलंत त्यापेक्षा जास्त," रेवती म्हणाली आणि हात पुढे केला.

तिने प्लग चाचपला. मग मदरबोर्डवरून सावकाश बोट फिरवलं. "इथल्या पिनांमध्ये कोपऱ्यातली एक नाही. पलीकडे असाच आणखी एक जुडगा आहे, तिथे शेवटून दुसरी नाही. प्लगचंही शेवटून दुसरंच भोक बुजलंय. म्हणजे तो तिकडचा. इथे बसू नये म्हणूनच बुजवलंय, अण्णा."

"पोरी, तुझा बाप शाळेत होता तेव्हापासून मी वायरी जोडतोय."

"मग आज एकदा विचारून जोडा."

हे अण्णांना झोंबलं. त्यांनी सुई लालभडक तापवली आणि ते बुजलेलं भोक आरपार मोकळं केलं. आता प्लगला अडवणारं काही उरलं नाही. चुकीच्या जागी तो निमूट बसला. ती जागा पेनड्राइव्हच्या वायरीची होती, तिथे वीज असते. बटण दाबताच चर्र झालं, जळका वास सुटला आणि मदरबोर्ड संपला.

"व्होल्टेज जास्त आलं," अण्णा म्हणाले.

"येतंच हल्ली," म्हातारे म्हणाले.

रेवती रडली नाही. तेवढा वेळ नव्हता. ती सरळ कुंदाबाईंकडे गेली. "बाई, तुमच्या घरचा जुना कॉम्प्युटर पडून आहे ना? त्याची डिस्क आणि मागची हेडफोनची जागा गेलीय, पण बोर्ड चालतो, तो द्या. आपण दोघी बसवू."

"मला यातलं काही येत नाही गं."

"वाचता येतं ना? तेवढं पुरे."

दोन दिवस गेले. कुंदाबाई माहितीचा कागद मोठ्याने वाचायच्या, पुन्हा वाचायच्या, मग एक स्क्रू लावायच्या. आवाजाची वायर मात्र रेवतीने मागून घेतली. भोकं आता सगळीच उघडी होती, पण एकाच्या कडेला वितळलेलं प्लास्टिक खरखरीत लागत होतं. ते तिने बोटाखाली धरलं, बोर्डावर शेवटून दुसरी पिन नसलेली जागा शोधली आणि दोन्ही समोरासमोर आणून दाबलं. जोर लावावा लागला नाही.

हेडफोनमधून नेहमीचा कोरडा आवाज आला, "प्रश्न पहिला."

उरलेले आठही दिवस रेवती त्या खुर्चीवरून हलली नाही. परीक्षा तिने पास केली.

अण्णा अजून म्हणतात, व्होल्टेजच जास्त होतं. गावाने त्यानंतर त्यांच्याकडे साधी बॅटरीसुद्धा दुरुस्तीला दिली नाही. दिवाळीच्या आत दुकान बंद झालं.

तात्पर्य: जी वस्तू बसत नाही, ती नाही म्हणत असते. लहानांचं ऐकण्यात ज्या मोठ्यांना कमीपणा वाटतो, त्यांनी निदान त्या वस्तूचं तरी ऐकावं.