येसाईची मांडी

फार वर्षांपूर्वीची ही गोष्ट. सांगणारे गेले, त्यांना सांगणारेही गेले, पण उंबरघळीत आजही कुणाच्या ओट्यावर टेकलात, तर ती पुरती ऐकवल्याशिवाय कुणी तुम्हाला उठू देणार नाही. त्यातलं खरं किती आणि चढवलेलं किती, ते तुमचं तुम्ही ठरवा. मी ऐकली तशी सांगतो.

उंबरघळ हे घाटमाथ्यावरचं गाव. खाली कोकण, मागे देश, आणि मधे एक उभी पायवाट. कोकणातलं मीठ वर आणायचं, देशावरचं धान्य खाली न्यायचं, यावर गावाचं पोट चाले. बैलसुद्धा त्या वाटेला नको म्हणत, मग ओझं माणसाच्याच डोक्यावर. वाटेवर जांभा दगड, पावसापाण्यानं धार लागलेला. अनवाणी उतरलेला माणूस आठवडाभर घरात बसे. त्यामुळे तिथे वहाण म्हणजे नुसती मिरवायची चीज नव्हती.

वहाणा करणारी घरं गावाबाहेर, चर्मकारांच्या आळीत. गावाला त्यांची वहाण हवी, पण त्यांचा हात नको. म्हणून आळीच्या तोंडाशी ओल्या मातीचा एक वाफा केलेला असे. ज्याला वहाण हवी, त्यानं यायचं, वाफ्यात पाय दाबायचा, आणि मागे न बघता निघून जायचं. मग आळीतल्या कुणीतरी काडीनं तो ठसा मोजायचा आणि त्यावरून कातडं कापायचं. नवी वहाण पहिला महिनाभर रक्त काढते, हे गावानं धरूनच चाललेलं होतं. कुणाला त्यात वावगं वाटत नसे.

येसूला मात्र वाटे. येसू म्हणजे आळीतल्या एका कारागिराची विधवा. पुढे तिला सगळे येसाई म्हणू लागले, पण तेव्हा गावाच्या तोंडी ती येसूच. आपल्या माणसांच्या वहाणा ती त्यांचा पाय मांडीवर घेऊन करी, बोटांनी चाचपून करी. त्या वहाणांनी कधी कुणाचं रक्त काढलं नाही. नवरा गेल्यावर पुतण्याला, गोंदाजीला, तिनंच शिकवलं. कातडं बाभळीच्या सालीत किती मुरू द्यायचं, कातडं कापायची रापी कशी धरायची, शिवण कुठे घट्ट आणि कुठे सैल. गोंदाजीचा हात असा बसला, की त्याच्या शिवणीतून मुंगी शिरत नसे, असं म्हणतात. मुंगीचं राहू द्या, पण पोरगा गुणाचा होता आणि येसूचा त्याच्यावर फार जीव होता.

त्या साली पाटलांच्या सुनेच्या पायावर घाटातला धोंडा आला. सुंद्रा तिचं नाव. पाय वाचला, पण वाकडा जुळला. एक बोट दुसऱ्यावर चढलं आणि चवड्यातली जाण गेली. टाचणी टोचली तरी तिला कळत नसे. पाटलांच्या घरची म्हणून तिला माणसांनी धरून वाफ्याशी आणलं. तिनं भीतभीत पाय टेकवला आणि काढला. गोंदाजीनं ठशाबरहुकूम वहाण केली. कधी केली नव्हती इतकी सुरेख केली.

आता मातीत उमटतं ते तळव्याचं. वर चढलेलं बोट मातीला कसं दिसणार? पट्टा नेमका त्या बोटावर बसला आणि आत घासत राहिला. बाईला दुखतच नव्हतं, ती चालत राहिली. एके दिवशी वहाण रक्तानं भरली, तेव्हा कळलं. वैद्यानं सांगितलं, ही जखम आणखी चिघळली तर पाय घोट्यापासून काढावा लागेल.

गोंदाजीनं हे ऐकलं, रापी आढ्याला खोचली आणि मिठाची ओझी वाहायला निघून गेला. येसूनं त्याला अडवलं नाही. ती कुदळ घेऊन आळीच्या तोंडाशी गेली, आणि भर दुपारी, गावाच्या देखत, तिनं तो वाफा खणून विस्कटून टाकला.

"आजपासनं मातीचं माप न्हाई," ती म्हणाली. "ज्याला वहाण पायजे त्यानं पाय मांडीवर द्यावा."

गाव खवळलं. आळीतली माणसंही खवळली, कारण चूल त्यांचीच बंद पडणार होती. भाऊबंद म्हणाले, "येसे, तुला म्हातारचळ लागला." गाव दूरच्या बाजारातून वहाणा आणू लागलं. आळीवर उपासाचे दिवस आले आणि शिव्या येसूच्या वाट्याला आल्या. तिला रात्रंदिवस एकच घोर होता. पाटलांच्या सुनेचा पाय जाणार. आणि पाय वाचवण्याची विद्या ज्याला दिली, तो ओझी वाहतोय. तिच्या स्वतःच्या बोटांत शिवायची आरी ओढण्याचं बळ उरलं नव्हतं. गोंदाजी परतला नाही, तर सुंद्राचा पाय गेलाच, आणि येसूच्या मागे विद्याही गेली.

मग निरोप आला, सुंद्राला. घाटाखाली, कोकणात, तिची आई शेवटचं अंथरूण धरून होती. डोळे दाराकडे लावून होती. त्या उभ्या वाटेनं डोली उतरत नसे, जायचं तर स्वतःच्या पायानं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाटलांची सून काठी टेकत, पायाला फडकं गुंडाळून, एकटी आळीत आली. दारं फटाफट लागली. येसू उन्हाला बसली होती. आजवर ती या बाईला मान खाली घालून 'वैनीसाब' म्हणत आलेली.

सुंद्रा म्हणाली, "येसाई, माप घे."

गावातल्या कुणी तिला आई म्हणण्याची ती पहिली वेळ. म्हातारीच्या डोळ्यांतून पाणी आलं. तिनं मांडी पसरली.

"दे लेकी," ती म्हणाली. "पाय दे."

येसाईनं फडकं सोडलं, जखम कोमट पाण्यानं धुतली, आणि तो वाकडा पाय दोन्ही हातांत धरून बसली. ही बातमी घाटात पोचली. गोंदाजी ओझं टाकून धावत आला आणि दाराशीच थबकला.

"काकी, मला न्हाई जमायचं. माझ्याच हातानं झालंय हे."

"तुझ्या हातानं न्हाई, मातीनं झालंय," येसाई म्हणाली. "बस हितं. मांडी पसर."

सुंद्रानं त्याच्याकडे पाहिलं. "गोंदादादा, बसा. मला आईकडं जायचंय."

गोंदाजी बसला. मांडीवर त्यानं तो पाय घेतला. येसाईनं त्याला डोळे मिटायला लावले आणि आपली बोटं त्याच्या बोटांवर ठेवली. सावली अंगणाच्या या टोकाहून त्या टोकाला गेली, तरी तिनं हात काढला नाही. बाईला जे दुखत नव्हतं ते त्या दिवशी गोंदाजीच्या बोटांना दुखलं, असं म्हणतात. कुठे दाब पडतो, कुठे पोकळी हवी, कुठलं बोट कुठे टेकायला बघतं, सगळं त्याला कळत गेलं आणि तो लहान मुलासारखा रडला.

मग त्यानं आढ्याची रापी काढली. एक जोड केला, तो येसाईनं चाचपून फाडायला लावला. दुसरा फाडला. सुंद्रा रोज येई, पाय देई, परत जाई. एकदा पाटील स्वतः तणतणत तिला ओढून न्यायला आले. बघतात तर पाय गोंदाजीच्या मांडीवर, आणि जखमेवर नवी कातडी धरलेली. काठी त्यांच्या हातातच राहिली. मग ते तिथेच, आळीच्या मातीत, खाली बसले.

शेवटचा जोड येसाईनं फाडला नाही. तो घालून सुंद्रा घाट उतरली. तिच्या पायाखाली जांभा मेणासारखा मऊ झाला, असं म्हणतात. वाटेवर दगडात उतरलेली पावलं अजून दाखवतात. मला ती पावसानं पडलेली भोकं वाटतात, पण तसं तिथे मोठ्यानं म्हणू नये. आई तोवर तग धरून होती, ती भेटली. लेकीच्या हातचं पाणी पिऊन गेली.

आईचे दिवसवार उरकून सुंद्रा वर आली, ती घरी न जाता आळीतच आली. येसाई अंगणात भिंतीला टेकून बसली होती, मांडी पसरून. सगळ्यांना वाटलं, वाट बघतेय. जवळ गेल्यावर कळलं, म्हातारी मघाशीच गेली होती. पाटलांच्या सुनेनं पायातली वहाण काढून बाजूला ठेवली आणि त्या मांडीवर डोकं ठेवून सगळ्या गावासमोर हंबरडा फोडला. तिरडी कुणाच्या खांद्यावरून न्यायची, हा वादसुद्धा त्या दिवशी निघाला नाही. पाटलांनी खांदा दिला.

त्यानंतर वाफा पुन्हा कुणी केला नाही. गोंदाजीनं जो येईल त्याला शिकवलं, जात विचारली नाही. आज त्या जागी वहाणा शिकवायची शाळा आहे. वाकडे पाय, सुजलेले पाय, महारोगानं झडलेले पाय, ज्यांच्यासाठी बाजारात काही मिळत नाही ते सगळे तिथे येतात. शिकायलाही लांबलांबून पोरीबाळी आणि बाप्ये येतात. पहिल्या दिवशी कुणाच्या हाती रापी नाही की आरी नाही. शिकणाऱ्यानं जमिनीवर बसून मांडी पसरायची. मग पाटलांच्या घरचं जे सगळ्यांत वडील माणूस असेल ते गावातून अनवाणी चालत येतं, समोर बसतं आणि म्हणतं, "येसाई, माप घे."

यंदा पाटलांच्या घरचे आजोबा आले होते, पांढऱ्या मिशांचे, हातात काठी. समोर शिकायला बसलेला गडी परमुलखातला, ट्रक चालवून आलेला, दंडावर वाघ गोंदलेला. उत्तरात काय म्हणायचं ते त्याला आधी समजावून सांगितलेलं होतं, तरी तो लाजेनं लाल झाला. आजोबांनी ठरलेले शब्द म्हणत शांतपणे पाय पुढे केला. गड्यानं मिशांकडे पाहिलं, पायाकडे पाहिलं, आणि मांडी पसरली.

"दे लेकी," तो म्हणाला. "पाय दे."

अंगणात माणूस मावत नव्हतं, पण हसलं कुणीच नाही.