अकरा नंबरची विहीर

“नकाशात नाही म्हणजे जमिनीत नाही. हो ना, महाराज?”

मोरेश्वराने तिसऱ्यांदा विचारलं. दासगिरी महाराज उकिडवे बसून डबक्याकडे बघत होते. टँकरचं सांडलेलं पाणी होतं ते. अधूनमधून त्यात बुडबुडे येत होते.

गोसावी होण्याआधी महाराज सरकारी नकाशे काढत. मोरेश्वराला त्यांनीच हाताला धरून शिकवलं. आता तो मोठा साहेब झाला होता, आणि चुकणं त्याने केव्हाच सोडून दिलं होतं.

या माळावर चाळीस घरं बांधायची होती. जागा सुरक्षित असल्याचा दाखला त्याने आज द्यायचा होता. सहीच तेवढी राहिली होती. चार दिवस त्याचा डोळ्याला डोळा लागला नव्हता.

“विहिरी मोज,” महाराज म्हणाले.

मोरेश्वराने मांडीवर जुना नकाशा पसरला. पन्नास वर्षांपूर्वीचा, महाराजांच्या हातचा. गॅसच्या प्रत्येक विहिरीला बारीक गोल, शेजारी नंबर.

“आठ... नऊ... दहा... बारा.”

तो थांबला.

“अकरा?”

“...नाही.”

“मधे बोट फिरव.”

बोट एका जागी अडखळलं. ब्लेडने शाई खरवडल्यावर होतो तसा कागद तिथे खरखरीत होता. नकाशातली ती जागा म्हणजे हाच माळ होता. 

“कोणी खरवडलं?”

“मी. विहीर आटली, वरवर नुसती माती लोटून बुजवली. वरून हुकूम आला, बंद विहिरी दाखवू नका... मी दाखवली नाही.”

डबक्यात बुडबुडा फुटला.

“डबकं म्हटलं की बुडबुडे येणारच!” मोरेश्वराचा आवाज चढला. “या घरांची वाट बघत माणसं ताडपत्रीखाली राहताहेत, महाराज. पावसाळा तोंडावर आलाय, पोरंबाळं आहेत. कागदावर नाही ते मी कुठून आणू?”

“मीही हेच म्हणालो होतो.”

“मग?”

“मग कर सही.”

मोरेश्वराने दाखला काढला, पेन उघडलं. पण सूर्य टेकडीआड गेला होता. अक्षरं दिसेनात.

महाराजांनी कंदील डबक्याच्या काठावर ठेवला आणि काड्यापेटी त्याच्या हातात दिली.

त्याने काडी काढली. पेटीला टेकवली... पण ओढली नाही. तो बुडबुड्यांकडे बघत राहिला.

महाराज जागचे हलले नाहीत.

“लाव ना. इथे चाळीस चुली पेटायच्यात.”