एकच वाय-फाय

"मग चोराला शिक्षा नको का, अप्पा?"

डॉ. उमाकांत बिरादार उभेच होते. बसायला सांगूनही बसले नव्हते.

उदगीरबाहेरच्या माळावर शिवलिंग अप्पांचा मठ आहे. गावात बिरादारांची रक्त तपासायची मोठी लॅब. अप्पांचे ते जुने शिष्य. त्या दिवशी मात्र नमस्कारही न करता बोलायला लागले.

झालं होतं ते असं. सुनंदा टेकाळे नावाच्या शिक्षिकेनं त्यांच्याकडे रक्त तपासून घेतलं. एचआयव्ही निघाला. तो रिपोर्ट तिच्या हातात पडण्याआधीच गावातल्या मोबाइलांवर फिरला. शाळेनं तिला वर्गात येऊ नको म्हणून सांगितलं. घरमालकानं खोली सोडायला लावली.

पोलिसांनी शोधलं. लॅबच्या बाकावर बसलेल्या कुणीतरी वाय-फायवरून आतल्या कॉम्प्युटरमधला रिपोर्ट उचलला होता.

"माझ्या लॅबचं नाव मातीत घातलं त्यानं," डॉक्टर म्हणाले. "असल्या माणसाला भर चौकात फटके द्यायला हवेत."

अप्पांनी विचारलं, बाकावरच्या माणसाला आतलं दिसलंच कसं?

डॉक्टरांनी जरा चिडूनच सांगितलं. वाय-फाय एकच होतं. पेशंटना बसल्या बसल्या बरं पडावं म्हणून पासवर्ड भिंतीवर चिकटवला होता. रिपोर्टचे कॉम्प्युटरही त्याच्यावरच चालायचे. वाय-फाय बसवणारा म्हणाला होता, पाहुण्यांचं वेगळं करू, रिपोर्टांना कुलूप घालू. यांनी ते नंतर बघू म्हटलं.

"आपल्या गावात कोण बघतंय, असं वाटलं."

"सुनंदाबाई काही बोलली होती, रक्त देताना?"

"कुणाला कळणार नाही ना, म्हणाली."

"तू काय म्हणालास?"

"निश्चिंत राहा, म्हणालो."

...

अप्पा उठले. ओसरीवर दर्शनाला आलेली माणसं बसली होती, त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिले. डॉक्टरही मागोमाग आले.

"ऐका," अप्पा मोठ्यानं म्हणाले. "गेल्या वर्षी हा उमाकांत माझ्याकडे एकटाच आला होता. खूप रडला. त्याच्या थोरल्या भावाच्या बाबतीत यानं..."

डॉक्टर धावले. त्यांनी गुरूच्या तोंडावर हात दाबला.



 अप्पांनी तो हात बाजूला केला.

"तुम्ही शब्द दिला होता मला." डॉक्टर म्हणाले. "विश्वासानं सांगितलं होतं मी."

"मी काय केलं? तोंड थोडं उघडं ठेवलं. चोर हे, ऐकणारे. यांना ने चौकात, दे फटके."

...

डॉक्टर ओसरीच्या पायरीवर बसले. अप्पा आत गेले नाहीत. 

"तिनं तुला रक्त दिलं नव्हतं रे," ते म्हणाले. "रक्त तर कुणीही काढतं."

 वाय-फाय आजच बंद करतो, डॉक्टर म्हणाले. रिपोर्टांचं वेगळं केल्याशिवाय लॅब उघडणार नाही. उद्या शाळेत जातो. हेडमास्तरांना आणि सगळ्या शिक्षकांना सांगतो, की रिपोर्ट माझ्या हलगर्जीपणामुळे बाहेर गेला आणि बाईंना वर्गाबाहेर ठेवायचा तुम्हाला काही अधिकार नाही. ऐकलं नाही तर तिच्या बाजूनं कोर्टात उभा राहतो.



"आणि तिच्याकडेही जातो," डॉक्टर म्हणाले. "पण अप्पा... तिनं माफ नाही केलं तर?"

"नाही करणार," अप्पा म्हणाले. "जा."