सुगरणीचं नवं दार

विहिरीकाठची बाभळ अजून माणसाएवढीच होती, तेव्हाची ही गोष्ट. सुगरणीने विणलेल्या घरट्यात मनोली नावाची पाखरीण पिल्लं घेऊन राहत होती. घर देखणं होतं, पण सुगरण दर दोन दिवसांनी त्याचं दार हलवायची.

एकदा मनोली दाणे घेऊन आली, तर दार पुन्हा नाहीसं. आत पिल्लं भुकेने रडत होती. घिरट्या घालून दमलेली मनोली फांदीवर टेकली.

“मावशी, दार मागे केलंय! कसं ऐटदार दिसतंय बघा,” सुगरण म्हणाली.

“आधीचं मोडलं होतं का गं?”

“छे! पण मी नुसती बसून राहू का?”

पुढच्या विणीच्या हंगामात मनोलीने शेजारी स्वतःच वेडंवाकडं घरटं बांधलं.

सुगरण हसली, “हे कसलं घर, मावशी?”

“कसलं का असेना बाई. सकाळी सोडलेलं दार संध्याकाळी जागेवर सापडतं.”